साथीच्या दिवसांत तुमच्या गावात सूचना कशी पोचायची? (मराठवाडा)

गोदाकाठ (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. आमच्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात २०२० आणि २०२१ ची एक जाडजूड फाईल आहे. करोनाच्या काळात आलेले आदेश, परिपत्रकं, सूचना. ग्रामसेवकांना विचारून ती सगळी वाचून काढली. जवळपास प्रत्येक आदेश एकाच चालीवर सुरू होतो. साथरोग प्रतिबंधक कायदा १८९७, आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५, कलम १४४, मग संदर्भांची रांग, मग "ज्याअर्थी" आणि त्यानंतर "त्याअर्थी". किराणा दुकान किती वाजेपर्यंत उघडं, हे कळायला दुसऱ्या पानाच्या मध्यावर यावं लागतं.

आणि तरी आमच्या गावात म्हाताऱ्या बायकांनाही दुकानाची वेळ पाठ होती. म्हणजे त्या कागदाचं आणि गावाचं मधलं काम कुणीतरी केलं. कुणी हलगी वाजवून केलं, कुणी भोंग्यावरून, कुणी दारोदार फिरून. त्यांची नोंद फाईलीत एका ओळीचीही नाही. पुढची साथ आली तर पुन्हा हीच माणसं लागणार आहेत, म्हणून विचारतोय. तुमच्याकडं कुणी सांगितलं, कसं सांगितलं, आणि नेमक्या कुठल्या शब्दांत? पक्षांचं राजकारण नको, स्वतः पाहिलेलं लिहा.

मांजराकाठ
लातूर जिल्हा. आमच्याकडं रोज संध्याकाळी जिल्हा माहिती कार्यालयाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर यायची. सगळे थेट आपल्या तालुक्याच्या आकड्यावर. बाकी कोण वाचतंय! एखादा दिवस पीडीएफ उशिरा आली की ग्रुपवर "आज लई निघाले असतील, म्हणून दाबूलालेत" असं सुरू व्हायचं. आकडा उशिरा येणं हीच अफवा व्हायची.

केजकर
+१. आणि ती पीडीएफ कुणीतरी स्क्रीनशॉट काढून पाठवायचा, त्यात तारीख कापलेली. जुना आकडा आठवडाभर फिरत राहायचा.

गावची_आशा
मी आशा कार्यकर्ती आहे, म्हणजे गावात आरोग्याचं काम करणारी. परभणी जिल्हा. गोदाकाठ दादा, शब्दांचं विचारलंत म्हणून लिहिते.

आम्हाला वाचून दाखवायला दिलेल्या कागदावर होतं, "लक्षणे आढळून आल्यास तात्काळ नजीकच्या आरोग्य संस्थेशी संपर्क साधावा." पहिल्या गल्लीत मी ते तसंच वाचलं. एका मावशीनं विचारलं, "बाई, संस्था म्हंजी सोसायटी का?" आमच्याकडं सोसायटी म्हणजे पीककर्जाची. त्यानंतर मी वाक्यच बदललं. "ताप आला, तोंडाला चव नाही, वास येईना, तर मला फोन करा. मी सोबत येते." शेवटचे तीन शब्द ऐकले की चेहरा बदलायचा. माणसाला आजारापेक्षा एकट्यानं नेतील याची भीती जास्त होती.

सप्टेंबर २०२० ला "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" सुरू झालं. ताप मोजायची बंदूक आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी. तोवर कुणीतरी उठवलेलं होतं की हे यंत्र लावलं की आकडा कमी दाखवतं आणि गाडी येऊन उचलून नेते. दारं लावून घ्यायचे लोक. मी ओसरीत बसून आधी माझ्याच बोटाला लावायची, मग घरातल्या शाळकरी लेकराला लावायची. ९८ आला की ते लेकरू ओरडून सांगायचं, जणू परीक्षेतच पडलेत. मग आजोबा हात पुढं करायचे. ९५ च्या खाली आला तर काय करायचं हे मी यंत्र लावायच्या आधीच सांगायची. नंतर सांगितलं तर कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नसायचं.

मांजराकाठ
ताई, "मी सोबत येते" हे कुठल्या परिपत्रकात बसवणार? पण खरं काम त्यानंच झालं.

जुना_तलाठी
मी महसूल खात्यातून निवृत्त झालोय. धागाकर्त्यांचं निरीक्षण बरोबर आहे, पण थोडं अन्यायाचं आहे. कलमं नसतील तर आदेश टिकत नाही. नाक्यावर पोलिसानं कुणाला अडवलं, दुकानदाराला दंड केला, सरकारी आदेश मोडला म्हणून तेव्हाचं कलम १८८ लावलं, तर त्याच्या मागं कायद्याचा आधार लागतो. तो कागद कोर्टात उभा राहण्यासाठी लिहिलेला असतो. त्याला नावं ठेवून चालणार नाही.

चूक वेगळीच झाली. आदेश आणि सूचना हे दोन वेगळे कागद आहेत. आदेश पोलिसासाठी, व्यापाऱ्यासाठी, खात्यासाठी. सूचना लोकांसाठी. वरून फक्त पहिला यायचा आणि तोच ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटवला जायचा. दुसरा आम्हाला तयार करून कुणी दिला नाही, आणि तयार करा असंही कुणी सांगितलं नाही. ज्या सज्जात, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीतल्या गावांत, तलाठी किंवा ग्रामसेवक मनानं करायचा तिथं झालं, बाकीकडं राहिलं.

आमच्याकडचं सांगतो. कोतवालाला बसवून मी चार ओळी लिहून घ्यायचो. तो हलगी घेऊन चावडीपुढं, मग वेशीत, मग वस्त्यांवर. त्याची पद्धत अशी की एकाच जागी दोनदा सांगायचं. पहिल्यांदा लोक बाहेर येतात, दुसऱ्यांदा ऐकतात. हे मला नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं, त्यानंच शिकवलं.

गोदाकाठ
काका, मान्य. "आदेश वेगळा, सूचना वेगळी" हे मला नेमकं सांगता येत नव्हतं. एकदा बाहेर येतात, दुसऱ्यांदा ऐकतात, हे तर लिहूनच ठेवतो.

आजीचा_नातू
मोबाईलच्या कॉलर ट्यूनचा विषय कुणीच काढेना! मार्चमध्ये फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा, मग सूचना. आमची आजी मामाला फोन लावायची, खोकला ऐकून ठेवून द्यायची आणि आम्हाला म्हणायची, "त्याला आल्याचा काढा घ्यायला सांगा, लई खोकायला." मामा तिकडं ठणठणीत.

सिल्लोडी
😂 आमच्याकडं तर ॲम्ब्युलन्सला फोन करतानाही ती ट्यून संपेपर्यंत थांबायचो. सुरुवातीला उपयोग झाला, नंतर नुसता वेळ जायचा.

केजकर
आता जरा आमच्या बाजूचं. बीड जिल्हा म्हणजे ऊसतोड हे सगळ्यांना माहीत आहे. २४ मार्चला रात्री ८ वाजता लॉकडाऊन जाहीर झाला तेव्हा आमच्या तालुक्यातली निम्मी घरं रिकामी होती. माणसं कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नगरच्या कारखान्यांवर. घरी म्हातारे आणि शाळेतली लेकरं.

त्या माणसांपर्यंत बातमी पोचायचा एकच रस्ता होता, टोळी घेऊन जाणाऱ्या मुकादमाचा फोन. मुकादम म्हणाला "उद्या गाड्या सुटणार" की टोळीनं भांडी बांधायची. दुसऱ्या दिवशी "नाही, परवानगी नाही". असं कितीदा झालं. काही जण बैलगाड्या जुंपून निघाले, ते जिल्ह्याच्या हद्दीवर अडवले. शेवटी १७ एप्रिलला सरकारचा निर्णय झाला की तपासणी करून ऊसतोड मजुरांना गावी पाठवायचं. तो निर्णय आमच्या लोकांना कळला तो व्हॉट्सॲपवरच्या फोटोवरून. पण खोट्या फोटोंनी आधी एवढं फसवलेलं होतं की खरा आला तेव्हा कोणी भांडी बांधेना. कारखान्याच्या शेतकी खात्याचा माणूस यादी घेऊन ऊसतोडीच्या फडावर आला, नावं वाचायला लागला, तेव्हा विश्वास बसला.

इकडं गावानं काय केलं? रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या. फळ्यावर "बाहेरगावच्या लोकांना गावात प्रवेश बंद". बाहेरगावचे कोण? आपलेच भाऊ, आपल्याच वहिन्या. त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं. संध्याकाळी लेकरं कंपाउंडच्या अलीकडं उभी राहायची, आई पलीकडं. एक पोरगी रोज वही आणून भिंतीवर धरायची, आईला वाचता येत नव्हतं तरी. मी ते पाहिलंय. फळ्यावरची ती सूचना "आपली माणसं येतायत, शाळेत थांबणार आहेत, जेवण कोण देणार त्यानं नाव द्या" अशीही लिहिता आली असती. नियम तोच राहिला असता.

गावची_आशा
केजकर दादा, आमच्याकडं सरपंचबाईंनी जवळपास असंच केलं. "कोणत्या घरचा डबा कोणत्या दिवशी" याची यादी शाळेच्या दारावर लावली. काट्या टाकायचं मग कुणाला सुचलंच नाही.

जालनेकर
मला एक बोलायचंय, बरेच दिवस मनात आहे. ८ मे २०२०, पहाटे, करमाडजवळ. जालन्याहून चालत निघालेले मध्य प्रदेशचे मजूर रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली १६ जण गेले.

त्यांनी काय ऐकलं होतं? रेल्वे बंद आहे. सगळ्या देशानं तेच ऐकलं होतं. टीव्ही, पेपर, मोबाईल, सगळीकडं "रेल्वे बंद". बंद प्रवासी गाड्या होत्या. धान्य, कोळसा, खत वाहणाऱ्या मालगाड्या रोज धावत होत्या, धावायलाच पाहिजे होत्या. पण रुळांच्या बाजूनं चालणाऱ्या माणसाला हे कुणी सांगितलं? १ मेपासून श्रमिक गाड्या सुरू झाल्या होत्या. त्यासाठी नाव कुठं द्यायचं, पास कुठं मिळतो, हे सगळं ऑनलाइन, आणि मराठी किंवा इंग्रजीत. ती माणसं हिंदी बोलणारी, स्टीलच्या कारखान्यात काम करणारी. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एक रिक्षा भोंगा लावून हिंदीत फिरली असती तरी पुष्कळ होतं.

सूचनेतला एक शब्द गाळला तर काय होतं, ते इथं दिसतं. "प्रवासी" हा शब्द.

जुना_तलाठी
जालनेकर, तुम्ही म्हणता ते खरं आहे. त्या वेळी रस्त्यानं चालणाऱ्यांसाठी निवारे उघडले होते, शाळा, मंगल कार्यालयं. जेवणाची सोयही होती. पण कुठं आहे याची पाटी रस्त्यावर नव्हती. आदेशाच्या परिशिष्टात यादी होती.

शहागंजकर
संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद. शहराचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आमच्या मोहल्ल्यात एप्रिलमध्ये वातावरण फार वाईट होतं. टीव्हीवर एका समाजाकडं बोट दाखवून जे चाललं होतं त्यानं लोक दुखावलेले, चिडलेले. तपासणीला पथक आलं की दारं बंद. मग रमजान आला, २५ एप्रिलपासून. मशिदीच्या माईकवरून रोज ऐलान व्हायचं, नमाज घरीच पढा, तरावीह (रमजानमधली रात्रीची नमाज) घरीच, इफ्तारला जमू नका. ते लोकांनी ऐकलं. २५ मे ची ईदही घरात झाली. त्याच माईकवरून नंतर सांगायला लागले की ताप असेल तर घाटीत (मोठ्या सरकारी दवाखान्यात) जा, तपासणीला आलेल्या मुलींशी नीट बोला, त्या आपल्याच लेकी आहेत. दोन्ही ऐलान एकाच आवाजात, रोज अजान देणाऱ्या माणसाच्या. महापालिकेची गाडी तेच सांगत फिरत होती, पण फरक त्या आवाजानं पडला.

जुलैमध्ये १० ते १८ तारखेपर्यंत शहरात कडक संचारबंदी होती. त्याच्या आदल्या दिवशी बाजारात जी गर्दी उसळली, ती काही विसरत नाही. दूध आणि औषधं मिळणार हे त्याच सूचनेत अगदी वरती मोठ्या अक्षरांत असतं तर निम्मी गर्दी झाली नसती.

सिल्लोडी
शहागंजकर भाई, हे लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या गावी देवळाचा आणि मशिदीचा भोंगा पाठोपाठ लागायचा, एकच मजकूर. सरपंचानं तसं ठरवूनच दिलं होतं.

पेपरलाइन
माझा पेपर वाटपाचा धंदा. मार्च अखेरीस पेपरावरून विषाणू येतो म्हणून लोकांनी पेपर बंद केले. एसटी बंद झाली तसं खेड्यात गठ्ठाच जाईना, कारण तिकडं पेपर एसटीनं जायचा. १८ एप्रिलला तर घरोघरी पेपर टाकायलाच बंदी असा आदेश निघाला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. मग सरकारनं आदेश बदलला, मुंबई-पुण्याचा भाग आणि प्रतिबंधित क्षेत्रं सोडून वाटपाला मोकळीक दिली.

माझं म्हणणं एवढंच की ज्या महिन्यात लोकांना खात्रीची बातमी सगळ्यात जास्त पाहिजे होती, त्याच महिन्यात पेपर नव्हता. ती जागा मोबाईलनं घेतली आणि त्यात खरं-खोटं सगळं एकाच रंगाचं. आमच्या भागातल्या कोंबडीवाल्यांना विचारा. कोंबडी खाल्ल्यानं करोना होतो या एका फॉरवर्डनं त्यांची शेड रिकामी झाली. पिल्लं फुकट वाटली, कुणी जमिनीत पुरली. त्यांना त्याची भरपाई कोण देणार?

वसमतकर
आमच्या वडिलांनी ते सगळे दिवस रेडिओवर काढले. आकाशवाणीचं सकाळचं प्रादेशिक बातमीपत्र ऐकायचं आणि मग ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं. बी-बियाणांचं दुकान चालू आहे, खताची गाडी अडवणार नाहीत, मोंढा (शेतमालाचा बाजार) कधी उघडणार. एप्रिल-मेमध्ये आमच्यासारख्यांना त्याचीच काळजी, हळद शिजवायची, वाळवायची, विकायची. शेतमालाला परवानगी आहे हे जर वडिलांनी सांगितलं नसतं तर शेजारच्यांनी हळद घरीच ठेवली असती. पोलीस मारतील या भीतीनं.

मांजराकाठ
आता एक वादाचं विचारतो. पेशंटची नावं जाहीर करायला पाहिजे होती की नाही? माझं मत, पाहिजे होती. गावात शंभर-दीडशे उंबरे. कोण बाधित ते कळलं तर त्याच्या संपर्कातले आपण होऊन तपासतील. लपवल्यानं साथ वाढते.

देगलूरकर
अजिबात नको. नियमच होता की नाव उघड करायचं नाही, आणि तो बरोबर होता.

उदगीरचा
मांजराकाठ, तुम्हाला आमच्या घराचं सांगतो. माझ्या भावजयीचा अहवाल पॉझिटिव्ह आला. घरी फोन यायच्या आधी यादीचा फोटो गावाच्या ग्रुपवर. नाव, वय, गल्ली. कुणी टाकला ते आजवर कळलं नाही. ती बरी होऊन आली, सगळ्यांचे अहवाल निगेटिव्ह आले, तरी गिरणीवाल्यानं दळण घेतलं नाही. डबा उंबऱ्याबाहेरच ठेवायला लावला आणि संध्याकाळी तसाच परत दिला, वरचं फडकंसुद्धा न उघडता. ज्वारी तशीच. दूधवाल्यानं रतीब बंद केला. माझी आई त्या गावात नांदायला आली तेव्हापासून त्याच गिरणीत दळण देत होती. ती नंतर कधीच त्या गिरणीत गेली नाही. आजही दुसऱ्या गावाहून पीठ येतं.

आणि तुम्ही म्हणता ते संपर्कातले तपासायला आले का? उलट झालं. पुढं ज्यांना ताप आला त्यांनी सांगितलंच नाही. आपलंही नाव ग्रुपवर येईल म्हणून अंगावर काढलं.

मांजराकाठ
वाचलं. वाईट वाटलं. पण मग संपर्कातल्यांना कळवायचं कसं? हा प्रश्न राहतोच की.

गावची_आशा
कळवायचं, पण एकेकाच्या घरी जाऊन. आम्ही पेशंटलाच विचारायचो, मागच्या आठवड्यात कोणाकोणाला भेटलात? माणूस विश्वासानं सांगतो. मग त्या घरी जाऊन, कुणामुळं ते न सांगता, "तुमची तपासणी करायचीय" एवढंच म्हणायचं. वेळ लागतो, पाय दुखतात, पण होतं. यादी फळ्यावर लावायची गरज नाही.

देगलूरकर
आशाताईंना हात जोडून नमस्कार.

आमची अडचण भाषेची. देगलूर म्हणजे तेलंगणाची हद्द, पलीकडं कर्नाटक. बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं चालतं. सूचना यायची फक्त छापील मराठीत. त्यातही बंजारा तांड्यांवर घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. तरुणांना मराठी येते, पण म्हाताऱ्यांना, विशेषतः बायांना, पुस्तकी मराठी कानावरून जाते. "विलगीकरण" म्हटल्यावर काय कळणार? ते मला तरी पहिल्यांदा कुठं कळलं होतं.

आमच्या जवळच्या तांड्यावर नायकाच्या (तांड्याच्या प्रमुखाच्या) लेकीनं, नर्सिंगला शिकत होती ती, गोरमाटीत आवाज रेकॉर्ड करून पाठवला. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. हात कधी धुवायचे, लग्नात किती माणसं, खोकला असेल तर नातवंडांपासून लांब झोपायचं. तो संदेश आमच्या तालुक्यातून पार मुखेड, किनवटकडं गेला. कुणी सांगितलं नव्हतं तिला. २०२१ ला लसीच्या वेळी मग आरोग्य केंद्रातूनच तिला फोन आला, ताई, लसीचं पण बोला.

जुना_तलाठी
लसीवरून आठवलं. १ मे २०२१ पासून १८ च्या पुढच्यांना लस, पण आधी कोविन या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करून दिवस-वेळ घ्यायची. खेड्यातल्या केंद्रावरच्या वेळा शहरातली मुलं मोबाईलवर पटापट धरायची आणि गाडी घेऊन यायची. गावातला माणूस दारात उभा, "नोंदणी नाही" म्हणून परत. सूचना बरोबर होती, सगळ्यांना सारखी होती. पण ज्याच्याकडं नेट नाही त्याला ती बंद दारासारखी होती.

शहागंजकर
आणि नोव्हेंबर २०२१ चा आमच्या जिल्ह्याचा आदेश? किमान एक डोस नसेल तर पेट्रोल नाही, गॅस नाही, रेशन नाही. जिल्हा लसीकरणात राज्याच्या मागं होता, त्यामुळं काढला. त्यानं केंद्रावर रांगा लागल्या हे खरं.

सिल्लोडी
रांगा लागल्या म्हणजे बरोबर होतं असं नाही भाई. पेट्रोलचं समजू शकतो. रेशन अडवणं मला आजही पटत नाही. ज्याचं पोट रेशनवर आहे त्याला धमकावून सांगितलेली गोष्ट तो मनानं स्वीकारत नाही.

वसमतकर
मी दुसऱ्या बाजूचा. समजावून, पाया पडून सगळं झालं होतं. दुसऱ्या लाटेत आमच्या आळीत काय झालं ते पाहिलेला माणूस सक्तीला नाही म्हणणार नाही.

जालनेकर
रेशनचा विषय निघालाच आहे तर, २०२० चा मे महिना आठवा. केशरी कार्डवाल्यांना माणशी ३ किलो गहू ८ रुपयांनी आणि २ किलो तांदूळ १२ रुपयांनी, अशी राज्याची घोषणा. ती राज्याची बातमी आमच्याकडं जशीच्या तशी आली. पण मराठवाड्याचे आठही जिल्हे १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठीच्या स्वस्त धान्याच्या योजनेत. इथल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्याला आधीपासून गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलोनं मिळत होता. म्हणजे गावात केशरी कार्ड दोन तऱ्हेचं. टीव्हीवर ८ रुपये ऐकून एक जण दुकानदाराला म्हणे "भाव वाढवला का?" आणि दुसरा म्हणे "मला त्याच्यासारखं २ रुपयांत का नाही?" त्यात एप्रिलपासून मोफत तांदूळ होता तो फक्त अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंबांना. रोज भांडणं.

आमच्या दुकानदारानं शेवटी कार्डावरचा शिक्का बघून, खडूनं फळ्याचे तीन भाग केले. कार्डावर असा शिक्का असेल तर एवढं, असा असेल तर एवढं. भांडणं त्या दिवशी थांबली. जिल्ह्याच्या पातळीवर हे एका कागदात करता आलं असतं.

गावची_आशा
एक राहिलंच. साथ ओसरल्यावरची सूचना. करोनानं गेलेल्याच्या वारसाला ५० हजार रुपये. त्यात फार महत्त्वाचं असं होतं की तपासणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत मृत्यू झाला असेल तर दाखल्यावर "करोना" लिहिलेलं नसलं तरी अर्ज करता येतो. आमच्या भागातल्या दोन-तीन बायांना दाखल्यावर हृदयविकार लिहिलंय म्हणून आपलं बसत नाही असं वाटत होतं. साथीत रोज भोंगा वाजत होता, पण या सूचनेला कुणी भोंगा लावला नाही. मी घरोघरी सांगितलं आणि अंगणवाडीताईंनी अर्ज भरून दिले. पैसे आले. ज्या गावात कुणी सांगितलं नसेल तिथल्या बायांचं काय?

केजकर
ताई, आमच्या तालुक्यात एकल महिलांच्या बैठका झाल्या, त्यात हे सांगितलं गेलं. पण ऊसतोडीला गेलेल्या विधवा तेव्हा पुन्हा फडावर. हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो, आणि सूचना आली हिवाळ्यात.

गोदाकाठ
एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळं उतरवून घेतोय, नावं न घालता.

जुना तलाठी काकांचं "दुसरा कागद" मला सोडवत नाही. यंदाच्या उन्हाळ्यापुरतं तरी करून बघायचं का? उष्माघाताचं परिपत्रक दरवर्षी येतं आणि दरवर्षी फळ्यावर पिवळं पडतं. काका, तुम्ही त्याच्या चार ओळी कराल का?

जुना_तलाठी
करतो. पण आशाताईंनी वाचल्याशिवाय बाहेर काढायच्या नाहीत. पहिला मसुदा: "दुपारी १२ ते ४ रानात काम नको. पाण्याची बाटली सोबत ठेवा, तहान लागायची वाट बघू नका. चक्कर आली, घाम यायचा थांबला, माणूस बरळायला लागला तर सावलीत न्या, अंगावर ओलं फडकं टाका, १०८ ला फोन लावा."

गावची_आशा
काका, छान आहे. "दुपारी काम नको" मजुरीवाल्या बायांना पटणार नाही, त्यांचा रोज बुडतो. "सकाळी लवकर जा, १२ ला सावलीत बसा, ४ ला परत लागा" असं करा. आणि बरळणाऱ्या माणसाला जबरदस्तीनं पाणी पाजू नका, हे घाला. लोक तेच आधी करतात. शेवटी आशाचा नंबर लिहायला जागा सोडा.

शहागंजकर
उर्दू आणि हिंदी मी करून देतो. जालनेकर, औद्योगिक वसाहतीत फिरवायची जबाबदारी तुमची.

जालनेकर
घेतली.

देगलूरकर
नायकाच्या लेकीला विचारलं. ती आता आरोग्य उपकेंद्रातच नोकरीला आहे. गोरमाटीत बोलायला तयार आहे, मजकूर रविवारपर्यंत पाठवा म्हणते, आणि अर्ध्या मिनिटाच्या वर नको.